गोल्फ कोर्सवर गर्दीच्या दिवशी मागचा ग्रुप घाई करतो: वाट कधी द्यायची, कशी द्यायची?

दुपारचा_टी (प्रश्न)

चौघांचा ग्रुप, सगळे चालत खेळणारे, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १८ ते २८. कोर्स पूर्ण भरलेला. पुढचा ग्रुप कायम डोळ्यांसमोर असतो आणि जवळजवळ प्रत्येक टीवर (होल जिथून सुरू होतो ती जागा) थांबावं लागतं. तरी मागचे (बहुतेक वेळा दोघेच) कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आम्ही पट (भोकाजवळचा हलका फटका) करताना मोठ्याने बोलतात, आणि कधी कधी आम्ही त्यांच्या टप्प्यात असतानाच चेंडू मारतात. नेमके प्रश्न असे:

१. पुढे जागाच नसेल तर त्यांना पुढे सोडणं आमच्यावर बंधनकारक आहे का?

२. सोडायचंच ठरलं तर कुठल्या होलवर आणि कोणत्या क्षणी सोडावं, म्हणजे दोघांचाही वेळ कमी जाईल?

३. चेंडू आमच्यात येऊन पडला तर काय करायचं?

४. आमचा स्वतःचा वेळ कुठे जातो हे कसं तपासायचं? "भराभर खेळा" एवढंच नको, मोजता येईल असं काही सांगा.

---

पार_तीनचा_पहारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढे बघितल्यावर मिळतं. मागचे किती चिडलेत यावरून काही ठरत नाही. तुमच्यात आणि पुढच्या ग्रुपमध्ये किती अंतर पडलंय, त्यावरून ठरतं.

ते अंतर टीवर पोचताना तपासा. पार-४ च्या (चार फटक्यांत संपवायच्या होलच्या) टीवर आलात आणि पुढचा ग्रुप फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) किंवा ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत जागेवर) दिसतोय, तर तुम्ही जागेवर आहात. ग्रीन सोडून ते निघून गेलेत, म्हणजे अख्खा होल रिकामा पडलाय, तर तुम्ही मागे पडलात. पार-५ वर ते ग्रीनवर असतील तर तुम्ही काठावर आहात, तिथेच सावध व्हा. पार-३ वर मात्र रिकाम्या ग्रीनवरून निष्कर्ष काढू नका, कारण तिथे एका वेळी एकच ग्रुप मावतो आणि तुमची पाळी येईपर्यंत ग्रीन रिकामं होणारच. त्याच्या पुढच्या टीवर ते उभे आहेत का, हे बघा.

नियम काय म्हणतो? २०१९ पासून लागू झालेल्या नियमावलीत नियम ५.६ मध्ये खेळाडूंना जलद गतीने खेळायला सांगितलंय आणि वेगवान ग्रुपला पुढे सोडण्यासाठी उत्तेजन दिलंय. उत्तेजन, सक्ती नाही. त्याआधीच्या नियमपुस्तकात शिष्टाचाराचं जे प्रकरण होतं त्यात कसोटी आणखी स्पष्ट होती: पुढे एक पूर्ण होल मोकळा पडला असेल आणि तुमच्यामुळे मागच्यांचा खोळंबा होत असेल, तर त्यांना बोलवा, मग त्या ग्रुपमध्ये माणसं कितीही असोत. ते प्रकरण आता त्या रूपात नसलं तरी बहुतेक कोर्सेसवर मार्शल (खेळाच्या गतीवर लक्ष ठेवणारे) याच कसोटीने वागतात. मागे दोघेच आहेत म्हणून त्यांचा हक्क वाढत नाही.

आता कोंडी का होते, हे समजून घ्या, कारण मागच्यांना समजावतानाही ते उपयोगी पडतं. पार-४ वर दोन ग्रुप एकाच वेळी खेळू शकतात, पार-५ वर तीन, पार-३ वर एकच. चौघांचा ग्रुप पार-३ ला किती वेळ घेतो ते मांडू. टीवरचे चार फटके प्रत्येकी ४० सेकंदांनी, म्हणजे २ मिनिटं ४० सेकंद. ग्रीनपर्यंत चालायला २ मिनिटं. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) आणि पट मिळून ५ मिनिटं. झाली ९ मिनिटं ४० सेकंद, आणि यात कोणीही रेंगाळलेलं नाही. स्टार्टर दर ८ मिनिटांनी ग्रुप सोडत असेल तर पहिल्या पार-३ वर प्रत्येक ग्रुप आधीच्यापेक्षा १ मिनिट ४० सेकंद जास्त थांबणार. बाराव्या ग्रुपपर्यंत ही थांबणूक १८ मिनिटांवर जाते. ही चूक वेळापत्रकाची आहे. तुमची नाही, मागच्यांची नाही, पुढच्यांचीही नाही.

यावर कोर्सवरच करता येण्यासारखा एक उपाय आहे: पार-३ वर मागच्यांना टीवरून मारायला बोलावणं. तुमचे चारही चेंडू ग्रीनवर आले की ते मार्क करून (जागेवर खूण ठेवून) उचला, बाजूला सुरक्षित जागी उभे राहा आणि मागच्यांना हाताने खूण करा. ते टीवरून मारतील. ते चालत येईपर्यंत तुम्ही पट संपवून निघा. त्यांची चाल आणि तुमचं पटिंग एकाच वेळी होतं, त्यामुळे एका फेरीतले साधारण २ मिनिटं वाचतात आणि ९:४० चं ७:४० होतं. मात्र हे सगळ्या ग्रुपनी दिवसभर केलं तरच रांग कमी होते. एकाच ग्रुपने एकदा केलं तर मागच्यांना थोडं बरं वाटतं, एवढंच. म्हणून पार-३ च्या टीवर तशी पाटी लावायला क्लबच्या कमिटीला जरूर सांगा.

---

स्टार्टरची_खिडकी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. वाट देण्याची जागा चुकली की चांगुलपणाने दिलेली वाटही सगळ्यांना महागात पडते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे फेअरवेचा मधला भाग. तुमचे दोन फटके झालेत, चार चेंडू चार दिशांना आहेत, मागच्यांना खूण केलीत. आता ते टीवरून मारणार, चालत येणार, त्यातला एक चेंडू झाडीत गेलेला असणार, तो शोधणार, मग दुसरा फटका. तुम्ही आठ मिनिटं उभेच.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे टी. पुढचा होल मोकळा असेल तर पार-४ किंवा पार-५ वर असं करा:

तुमचे चारही जण टीवरून मारून घ्या. तिथेच थांबा. मागचे टीवर आले की त्यांना म्हणा, "तुम्हीही मारा आणि पुढे निघा." ते मारतात आणि आधी चालू लागतात. तुम्ही मागून निघता, त्यांचा दुसरा फटका होईपर्यंत आपापल्या चेंडूजवळ, पण त्यांच्या रेषेच्या बाहेर उभे राहता. ते टप्प्याबाहेर गेले की तुमचा खेळ सुरू. यात कोणाला दुरून हातवारे करावे लागत नाहीत आणि कोणाच्या दिशेने चेंडू येत नाही. मागे दोघे असतील तर एकूण तोटा साधारण ३ ते ४ मिनिटांचा.

पार-३ वर याहून सोपं: तुम्ही मारायच्या आधीच त्यांना टी देऊन टाका. दोघांना पार-३ संपवायला सहा मिनिटांच्या आसपास लागतात.

वाट देताना होणाऱ्या चुका:

खूण अर्धवट होते. एक जण हात हलवतो, दुसरा मात्र चेंडूवर उभा राहून सराव स्विंग घेतोय. मागच्यांना कळत नाही की मारायचं की थांबायचं. आधी चौघांनी आपापसात ठरवा, चौघेही फेअरवेच्या एकाच कडेला जा, बॅगा हातातून खाली ठेवा, आणि मग एकानेच हात डोक्याच्या वर नेऊन मोठी, सावकाश खूण करा. समोरून हात वर करून "कळलं" असं उत्तर आल्याशिवाय आपण मोकळे झालो असं समजू नका.

उभं राहण्याची जागा चुकते. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूंचे फटके उजवीकडे जास्त जातात, म्हणून टीवरून बघताना फेअरवेच्या डाव्या बाजूला, झाडाच्या किंवा कार्टच्या आडोशाला उभं राहणं बरं. पाठ करून उभे राहू नका. त्यांचा चेंडू कुठे पडला ते बघा आणि त्यांना दाखवा. त्यांचा एक शोध वाचला तर तुमचे तीन मिनिटं वाचतात.

वाट दिल्यावर लगेच खेळायला सुरुवात होते. पुढे गेलेला ग्रुप तुमच्या सगळ्यात लांब फटक्याच्या पलीकडे जाईपर्यंत थांबा.

आणखी एक प्रसंग असा आहे जिथे अंतर मोजत बसायचं नाही. चेंडू हरवलाय आणि तो सहज सापडणार नाही असं दिसतंय, तर त्याच क्षणी मागच्यांना बोलवा. आधी पूर्ण वेळ शोधायचं आणि मग बोलवायचं, ही पद्धत चुकीची. अर्थात पुढे कोंडी असेल आणि तुम्हाला शोधून झाल्यावरही थांबावंच लागणार असेल, तर याचीही गरज नाही.

---

सात_नंबर_आयर्न

चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. आधी मोजमाप.

४ तासांची राउंड म्हणजे २४० मिनिटं भागिले १८, दर होलला १३ मिनिटं २० सेकंद. लक्षात ठेवायला सोपं: दर ३ होलना ४० मिनिटं. साडेचार तासांची राउंड असेल तर दर ३ होलना ४५. पहिला चेंडू मारल्याची वेळ स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात लिहा आणि ३, ६, ९, १२, १५ या होलचं ग्रीन सोडताना वेळ टिपा. सोबत दुसरी नोंद: टीवर पोचल्यावर मिनिटभरापेक्षा जास्त थांबावं लागलं तर त्या होलपुढे एक टिंब. सगळीकडे टिंबं असतील तर तुम्ही कोंडीत अडकलात, तुमच्यामुळे कोंडी झालेली नाही. वेळ चुकतेय आणि टिंबं नाहीत, तर दोष तुमच्याकडे आहे. मार्शल आला तर हे कार्ड त्याच्यापुढे धरा, वाद होत नाही.

आता वेळ कुठे जातो. चौघांचे मिळून प्रत्येकी ९०च्या हिशेबाने ३६० फटके. एकामागून एक खेळले तर प्रत्येक फटक्यामागचे १० सेकंद म्हणजे पूर्ण एक तास. नियम ५.६ मध्ये शिफारस अशी आहे की अडथळ्याशिवाय खेळता येईल अशी स्थिती आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा, आणि शक्यतो त्याहूनही लवकर. ४० सेकंद पुरेसे असतात, पण आपली पाळी यायच्या आधी तयारी झालेली असेल तरच. अंतर बघणं, वारा बघणं, क्लब काढणं, हातमोजा चढवणं हे सगळं दुसरा मारत असताना झालं पाहिजे. सगळ्यात जास्त वेळ खाते ती सवय म्हणजे चौघांनी मिळून एकाच्या चेंडूकडे चालत जाणं. प्रत्येकाने थेट आपल्या चेंडूकडे जावं.

स्ट्रोक प्ले (सगळ्या फटक्यांची बेरीज मोजतात तो प्रकार) असेल तर रेडी गोल्फ: जो तयार तो आधी. नियम ६.४ याला स्पष्ट मुभा देतो. ग्रीन मोकळं व्हायची वाट बघत लांब मारणारा थांबलाय, तर आखूड मारणाऱ्याने मारून घ्यावं. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) मारणारा रेक फिरवत असताना दुसऱ्याने पट करावा. फक्त दोन पथ्यं पाळा: मोठ्याने सांगा "मी मारतोय", आणि आपल्या रेषेपुढे कोणी नाही हे बघा. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याच्या सामन्यात) क्रमाला अर्थ असतो. प्रतिस्पर्ध्याआधी मारलंत तर तो तुमचा फटका रद्द करायला लावू शकतो, म्हणून तिथे आधी त्याची संमती घ्या.

हरवलेले चेंडू. शोधायला ३ मिनिटं मिळतात (२०१९ च्या आधी ५ होती) आणि ती खेळाडूने किंवा त्याच्या कॅडीने शोधायला सुरुवात केल्यापासून मोजतात. चेंडू हरवल्याची किंवा हद्दीबाहेर गेल्याची शंका आली की तिथूनच प्रोव्हिजनल (पहिला न मिळाल्यास वापरायचा तात्पुरता चेंडू) मारा. मारण्याआधी "प्रोव्हिजनल" हा शब्द किंवा तोच अर्थ स्पष्ट होईल असं काहीतरी बोललं पाहिजे. नुसतं "आणखी एक मारतो" म्हणालात तर तो दुसरा चेंडूच दंडासकट खेळात आला आणि पहिला संपला. शोधताना बाकीच्यांनी आधी आपापले फटके मारावेत, मग मदतीला जावं. चौघे गवतात आणि तीन चेंडू मारायचे बाकी, हे दृश्य मागच्यांना सगळ्यात जास्त खटकतं, आणि योग्यच आहे.

तुमच्या कमिटीने लागू केला असेल तर एक स्थानिक नियमही मिळतो: हरवलेल्या किंवा हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूसाठी टीवर परत जाण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढेच, फेअरवेच्या कडेपर्यंतच्या ठरलेल्या पट्ट्यात चेंडू ड्रॉप करायचा (हातातून खाली सोडायचा). हौशी खेळासाठीच तो आहे. लागू आहे का, हे पहिल्या टीआधी विचारून घ्या.

ग्रीनवर: झेंडा काढू नका. २०१९ पासून ग्रीनवरून मारलेला चेंडू होलमधल्या झेंड्याला लागला तरी दंड नाही. हातभर अंतरावर राहिलेला पट मार्क न करता पुरा करा, दुसऱ्याच्या रेषेवर पाय पडत नसेल तर. बॅग किंवा कार्ट ग्रीनच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पुढच्या टीच्या वाटेवर न्या. ग्रीनच्या अलीकडे ठेवली की परत मागे जावं लागतं आणि मागच्यांचा अप्रोच (ग्रीनवर पोचवायचा फटका) तेवढा वेळ अडतो. स्कोअर पुढच्या टीवर लिहा. ग्रीनवर उभं राहून आकडे मोजणं ही अशी गोष्ट आहे की तुम्ही कितीही वेगात खेळलेले असा, मागच्यांच्या लक्षात तीच राहते.

आणि टी. लांबच्या टीवरून खेळणं हे संथ खेळाचं मोठं कारण आहे, पण ते कोणी कबूल करत नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या पीजीए आणि यूएसजीए यांनी "टी इट फॉरवर्ड" ही मोहीम काढली. त्यातला तक्ता असा होता: ड्रायव्हरचा (टीवरून लांब मारायच्या क्लबचा) फटका सरासरी २०० यार्ड जात असेल तर ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स, २२५ जात असेल तर ५,८०० ते ६,०००, २५० जात असेल तर ६,२०० ते ६,४००. तुमचा हँडिकॅप बघता बहुधा पहिल्या दोन ओळी लागू होतील. सरासरी धरा, एखादा लागलेला सर्वोत्तम फटका नव्हे.

---

फेअरवेची_कड

तिसरा प्रश्न वेगळा आहे. घाई, अंतर, शिष्टाचार हे सगळं बाजूला ठेवा. अंगावर चेंडू येणं हा सुरक्षिततेचा मामला आहे आणि त्यात तुम्ही संथ होतात की जलद याचा काहीही संबंध नाही. पुढचा ग्रुप कितीही रेंगाळो, त्याच्या टप्प्यात मारण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. नियम १.२ मध्येच इतरांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणं खेळाडूच्या वागणुकीचा भाग मानलंय, आणि गंभीर गैरवर्तनासाठी कमिटी स्पर्धेतून बाद करू शकते.

चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असतं. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरून तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. २०० यार्डांचा फटका हवेत पाचेक सेकंद असतो आणि आवाजाला तेवढं अंतर कापायला अर्ध्या सेकंदाच्या वर थोडंच लागतं. म्हणजे मारणाऱ्याने लगेच "फोर!" ओरडलं तर समोरच्याला चार सेकंद मिळतात. "बघू, कदाचित वळेल" म्हणत तो थांबला तर काहीच मिळत नाही. आरोळी ऐकली की वळून बघू नका. पाठ फिरवा, वाका, दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाका. जवळ बॅग किंवा झाड असेल तर त्याआड.

चेंडू पडल्यावर पहिल्यांदा चौघेही ठीक आहेत ना ते बघा. कोणाच्या डोक्याला लागलं असेल तर खेळ थांबवा, "बरं वाटतंय" म्हणाला तरीही, आणि क्लबहाउसला कळवून वैद्यकीय मदत मागवा.

लागलं नसेल तर तो चेंडू परत मारू नका, खिशात घालू नका, पायाने दाबू नका. तुम्ही परत मारलेला चेंडूही तितकाच धोकादायक असतो, आणि त्यानंतर मार्शलसमोर दोन्ही बाजू सारख्याच दोषी दिसतात. चेंडू जिथे पडला तिथेच राहू द्या. दोन्ही हात उंच करून "आम्ही इथे आहोत" अशी खूण करा.

पहिल्या वेळी चूक गृहीत धरा. चढाच्या पलीकडचं दिसलं नसेल, पाठीमागून वारा असेल, किंवा त्याचा नेहमीपेक्षा तीस यार्ड लांब फटका लागला असेल. पुढच्या टीवर शांतपणे, क्लब बॅगेत ठेवून, बोला: "चेंडू आमच्यापासून दहा पावलांवर पडला. आम्ही इथून हललेलो दिसल्याशिवाय कृपया मारू नका." एवढंच. खेळाच्या वेगाचा विषय त्याच वाक्यात आणू नका, नाहीतर मूळ मुद्दा वाहून जातो.

दुसऱ्यांदा झालं तर बोलणी नकोत. प्रो शॉपला किंवा स्टार्टरला फोन करा. नंबर बहुतेक वेळा स्कोअरकार्डवर छापलेला असतो. सांगायचं ते असं: होल नंबर, वेळ, किती वेळा झालं, चेंडूचा ब्रँड आणि त्यावरचा आकडा, कार्टचा नंबर. मार्शल येईपर्यंत त्यांना पुढे जाऊ द्या. हे हार मानणं नाही. तसली माणसं आपल्या पाठीमागे असण्यापेक्षा डोळ्यांसमोर असणं जास्त सुरक्षित आहे.

एक गोष्ट बऱ्याच वादांच्या मुळाशी असते. मागच्यांना फक्त तुम्ही दिसता. वळणाच्या किंवा चढाच्या होलवर तुमच्यापुढचा ग्रुप त्यांना दिसतच नाही. तुम्ही थांबलात की रेंगाळलात, हे त्यांना अडीचशे यार्डांवरून कळत नाही. म्हणून थांबताना घोळक्याने गप्पा मारत उभे राहू नका. प्रत्येक जण आपल्या चेंडूपाशी, क्लब हातात, तोंड ग्रीनकडे. एकाने हात लांब करून पुढे बोट दाखवलं तर संदेश पोचतो. ग्रीन मोकळं झालं की दहा सेकंदांत पहिला फटका सुटला पाहिजे. तुम्ही पुढच्यांमुळे अडला होतात, याचा मागच्यांना दिसणारा पुरावा हाच.

---

दुपारचा_टी

सगळ्यांचे आभार. टिंबांची युक्ती लगेच वापरता येईल. तीन गोष्टी राहिल्या. मागचे टीवरच येऊन "आम्हाला सोडा" म्हणाले आणि पुढे खरोखर तीन ग्रुप अडकलेले असतील, तर नेमकं काय बोलावं? आमच्यात एक अगदी नवखा आहे, त्याचं काय करावं? आणि स्पर्धेत यातलं काय बदलतं?

---

पार_तीनचा_पहारा

टीवर आलेच तर ती चांगली संधी आहे, कारण तिथून पुढची रांग त्यांनाही दिसते. "पुढच्या टीवर दोन ग्रुप थांबलेत, ग्रीनवर एक आहे. आम्हीही थांबूनच खेळतोय. पुढे होल मोकळा झाला की आम्हीच तुम्हाला बोलावू." आणि तो मोकळा झाला की खरोखर बोलवा. शब्द पाळला नाहीत तर पुढच्या नऊ होलवर तुमचं कोणी ऐकणार नाही.

मात्र वरच्या सल्ल्यात एक भर घालावीशी वाटते. कोंडीत दोघांना पुढे सोडल्याने त्यांचा फायदा एका जागेपुरता होतो. पुढच्या ग्रुपमागे तेही तितकेच ताटकळतात. तुमचा तोटाही एका जागेचा, पार-३ वर साधारण सहा मिनिटांचा. आणि अदलाबदल जर टीवर, सगळे थांबलेलेच असताना झाली तर तुमच्यामागच्या बाकी ग्रुपना त्याची झळ लागत नाही, कारण ग्रीन रिकामं पडून राहत नाही. तेव्हा ते दोघे वारंवार दबाव आणत असतील तर रांग लागलेल्या पार-३ च्या टीवर त्यांना जागा देऊन टाकणं हा स्वस्त सौदा आहे. बंधन म्हणून नव्हे. उरलेल्या राउंडभर पाठीमागचा ताण नको म्हणून. फेअरवेच्या मध्यावर मात्र हाच सौदा सगळ्या रांगेला महाग पडतो.

---

सात_नंबर_आयर्न

नवख्याबद्दल: पहिल्या टीआधीच मर्यादा ठरवा आणि ती त्याच्यावर लादू नका, त्याच्याबरोबर ठरवा. पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचलायचा, म्हणजे पार-४ वर ८. किंवा ग्रीनजवळ आला की चेंडू उचलून ग्रीनवर टाकायचा आणि पट करायचा; शिकणाऱ्याला पटिंगचा सराव मिळतो आणि होल सुटत नाही. त्याच्या खिशात दोन जास्तीचे चेंडू आणि चार टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) असू द्या. चेंडूकडे जाताना दोन-तीन क्लब घेऊन जायला सांगा, म्हणजे बॅगेपर्यंतच्या चकरा वाचतात. होल चालू असताना स्विंगचे धडे कोणी देऊ नयेत. ज्या चांगल्या मनाने ते दिले जातात त्याबद्दल शंका नाही, पण प्रत्येक धडा मिनिटभर खातो आणि नवख्याला पुढचा फटका आणखी अवघड करतो.

स्पर्धेबद्दल: आपल्या मनाने चेंडू उचलण्याआधी प्रकार बघा. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होल पुरा करावाच लागतो. "दिला" म्हणून सोडलेला पट तिथे चालत नाही, आणि ती चूक पुढच्या टीवरून मारण्याआधी (शेवटच्या होलवर कार्ड देण्याआधी) सुधारली नाही तर खेळाडू बाद होतो. स्टेबलफर्डमध्ये (होलवार गुण देतात त्या प्रकारात) गुण मिळण्याची शक्यता संपली की उचला. मॅक्झिमम स्कोअर प्रकारात कमिटीने ठरवलेला आकडा गाठला की उचला. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याला पट द्या (न मारताच झाला असं माना), होल द्या, वेळ वाचवा.

विनाकारण विलंबाचा दंड नियम ५.६ मध्ये आहे: पहिल्या वेळी एक फटका, दुसऱ्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये दोन आणि मॅच प्लेमध्ये होल, तिसऱ्या वेळी बाद. त्याशिवाय कमिटीचं गतीबाबत वेगळं धोरण असू शकतं, त्यात वेळ आणि जागा दोन्ही बघतात. ग्रुपचा क्रम कमिटीने ठरवलेला असतो, म्हणून स्पर्धेत मागच्यांना पुढे सोडायचं असेल तर आधी रेफरीला किंवा मार्शलला विचारा.